भूभूकाकू

भूभूकाकूंकडे स्वतःचा असा कुत्रा एकही नाही. हे त्या कुणालाही छातीठोकपणे सांगतात, आणि सांगत असताना मांडीवर एक, सोफ्याखाली एक, गॅलरीत दोन आणि काकांच्या खुर्चीत एक असे पाच जण ते लक्षपूर्वक ऐकत असतात. "आमचं कुठलं हो कुत्रं? ही सगळी पाहुणे मंडळी." या मंडळींतला सर्वांत ज्येष्ठ पाहुणा आला तेव्हा काकांच्या डोक्यावर केस होते. त्याला आणताना काकू म्हणाल्या होत्या, "अहो, फक्त दोन दिवस." ते दोन दिवस अजून संपलेले नाहीत.

अशी एक काकू हल्ली प्रत्येक वस्तीत असते. कधी ती आयटी कंपनीतली मुलगी असते आणि भाड्याच्या वन बीएचकेमध्ये घरमालकाला चोरून तीन पिल्लं सांभाळत असते. कधी ते फौजेतून निवृत्त झालेले गृहस्थ असतात. ते कुत्र्यांना 'सावधान' शिकवतात आणि स्वतः कधी विश्राम करत नाहीत. माणूस बदलला तरी खांद्यावरची पिशवी तीच असते: नायलॉनची दोरी, जुना टॉवेल, कापूस, बिस्किटांचे पुडे, तोंडाला बांधायची पट्टी आणि एक वही. आमच्या भूभूकाकू पुण्याच्या डहाणूकर कॉलनीतल्या, माझ्याच जिन्यातल्या. त्यांचं खरं नाव वीजबिलावर आहे.

यांचं नेमकं काम काय, असं नवीन भाडेकरू हमखास विचारतात. तर एखादा कुत्रा गाडीखाली येतो, किंवा गोचीडतापाने वडापावच्या गाडीमागे दोन दिवस पडून राहतो. कुणीतरी त्याला दवाखान्यात पोचवतं. सलाइन चढतं, टाके पडतात, आणि मग डॉक्टर म्हणतात, "न्या आता, पण महिनाभर पळता-उडी मारता कामा नये." रस्त्यावरच्या कुत्र्याला महिनाभर पळू नकोस हे सांगायचं कुणी आणि ठेवायचं कुठे? तिथे काकूंचा फोन वाजतो. बरा होईपर्यंत, आणि जमलं तर कायमचं घर मिळेपर्यंत, तो काकूंकडे. याला फॉस्टर करणं म्हणतात. काका याला 'माझी खुर्ची' म्हणतात.

काका बँकेतून निवृत्त झाले. त्यांना कुत्री आवडत नाहीत, आणि हे ते रोज सकाळी सहा वाजता दोन कुत्री फिरवून आणताना भेटेल त्याला सांगतात. त्यांचा मुख्य आक्षेप कुत्र्यांवर नसून नावांवर आहे. काकू कुत्र्याला तो जिथे सापडला त्या जागेचं नाव देतात, म्हणजे पुढे गोंधळ नको. त्यामुळे आमच्या इमारतीत वनाज, चांदणी, नळस्टॉप, म्हात्रे अशी मंडळी येऊन गेली आहेत. चांदणी चौकातली चांदणी शोभून दिसली. म्हात्रे पुलाखालच्या म्हात्रेला मात्र पोस्टमनने एकदा रजिस्टर पत्र आणलं होतं. सर्वांत वाईट दिवस स्वारगेटचे. काका संध्याकाळी फाटकाशी उभे राहून "स्वारगेट! स्वारगेट!" अशा हाका मारू लागले की दोन-तीन रिक्षा थांबत. त्यांना काकांनी नाही म्हणायचं. पुण्यात प्रवाशाने रिक्षावाल्याला नाही म्हटल्याचं ते एकमेव उदाहरण असावं.

काकूंनी संस्कृत घेऊन बीए केलं आहे, पण जिन्यात पाऊल टाकताच वासावरून त्या पार्व्हो ओळखतात. हा रोग पिल्लांचा, बहुतेक दीड ते सहा महिन्यांच्या वयातला. रक्ताची हगवण, उलट्या, आणि वेळेत सलाइन लागलं नाही तर दोन-तीन दिवसांत खेळ संपतो. लस दीड-दोन महिन्यांचं झाल्यावर सुरू करायची आणि पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांनी पुन्हा टोचायची. एकच टोचून "झाली हो लस" म्हणणाऱ्यांशी काकू बोलत नाहीत. त्यातही गंमत अशी की पिल्लू बरं होऊन गेलं तरी विषाणू फरशीवर महिनोन्‌महिने मुक्कामाला राहतो. फिनेलला तो भीक घालत नाही, त्याला ब्लीचच लागतं. म्हणून काकूंच्या घरी प्रत्येक पार्व्होनंतर भिंतीपासून भिंतीपर्यंत ब्लीचची सफाई होते आणि काकांच्या प्रत्येक विजारीवर गुडघ्याखाली पांढरे ठिपके आहेत. ते पाहून बँकेतले जुने सहकारी त्यांना रंगकामाला लागलात काय म्हणून विचारतात.

गोचीडतापाला डॉक्सी. डॉक्सिसायक्लिनची गोळी, भरल्या पोटी, अठ्ठावीस दिवस. नामदेवांच्या गोष्टीत कुत्रं पोळी घेऊन पळतं आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावतात. आमच्या जिन्यातही कुत्रं, पोळी, तूप सगळं तेच. फक्त पोळीच्या घडीत गोळी असते आणि कुत्र्याला ते ठाऊक असतं, म्हणून इथे पोळी घेऊन काकू धावतात. अठ्ठाविसाव्या दिवशी पेढा देतात, तोही कुत्रं हुंगून बाजूला ठेवतं.

त्यांच्या घरच्या कालनिर्णयात संकष्टीचा चौकोन शोधायचा तर आधी त्यावरची शाई खरवडावी लागते. "चांदणी – विन्क्रिस्टीन ३", "म्हात्रे टाके", "कृमी – सगळे". विन्क्रिस्टीन हे माणसांच्या कॅन्सरचं औषध. कुत्र्यांत एक गाठ असते ती समागमातून एकाची दुसऱ्याला लागते. हे इंजेक्शन आठवड्याला एक असं काही आठवडे दिलं की ती गाठ बहुतेकदा साफ वितळते. काकू हे सगळं हळदीकुंकवातही सांगतात, वाण घेता घेता, त्यामुळे त्यांच्या आजूबाजूची जागा नेहमी मोकळी असते.

आणि कुणाला कुत्रं चावलं की इमारत डॉक्टरांआधी त्यांच्याकडे धाव घेते. आमच्या पिढीच्या मनात अजून 'पोटात चौदा इंजेक्शनं' बसलेली आहेत. काकू आधी चावलेल्या माणसाला नळाखाली नेतात, पंधरा मिनिटं साबणाने जखम धुवायला लावतात, घड्याळ लावून. मग सांगतात: दंडात घ्यायची, आज, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, जखम खोल असेल तर जखमेत द्यायचं सीरमही मागून घ्यायचं, सरकारी दवाखान्यात जा, आणि हळद, चुना, तिखट यांतलं काही लावलंत तर मी चावेन. पहिल्या दिवशी माणूस घाबरलेला असतो, म्हणून ऐकतो. सातव्या दिवशी विसरतो. सातव्या दिवशी सकाळी काकू दारात उभ्या असतात.

पण एवढ्यानेच कुणी भूभूकाकू होत नाही. कुत्र्यांवर जीव टाकणारी माणसं गल्लोगल्ली आहेत, आणि त्यांतली निम्मी दुसऱ्याच्या गॅलरीत जीव टाकतात. काकूंची खरी विद्या वेगळी आहे. ती म्हणजे वसुली.

"माणसांचं मला बाई काही कळत नाही, त्यापेक्षा मुकी जनावरं बरी," असं त्या दिवसातून एकदा तरी म्हणतात. इतकी धडधडीत थाप मी दुसरी ऐकलेली नाही. माणसांचा एवढा बारीक अभ्यास असलेली व्यक्तीही मी दुसरी पाहिलेली नाही, आणि मी विमा एजंटांच्या कुटुंबात वाढलो आहे. कोणता माणूस किती रुपयांना पाझरतो, महिन्याच्या कोणत्या तारखेला पाझरतो, बायको समोर असताना जास्त देतो की नसताना, हे सगळं त्या वहीत आहे.

त्यांचा पहिला नियम: अख्खं बिल कुणाला दाखवायचं नाही. वनाज मेट्रो स्टेशनाजवळ टेम्पोखाली आला तेव्हा मागच्या डाव्या मांडीचं हाड मोडलेलं, कानातल्या जखमेत अळ्या, आणि वर रक्तात गोचीडताप. बिलाचा अंदाज चौतीस हजार सहाशे. आता चौतीस हजार म्हटलं की सज्जनातला सज्जन माणूस "अरेरे" म्हणतो आणि लिफ्टचं बटण दाबतो. आमच्याकडे लिफ्ट नाही, तरी दाबल्यासारखं करतो. काकू चौतीस हजार म्हणतच नाहीत. त्या म्हणतात, "सहाशेचा एक एक्स-रे आहे, घेता का?"

घेता का! जणू कैऱ्या आल्यात मंडईत. आणि माणूस घेतो. एका एक्स-रेचं काय ते, सहाशे तर रुपये. तळमजल्यावरच्या निवृत्त प्राध्यापकांनी एक्स-रे बघून हाडाची चौकशी केली, तर त्यांच्या गळ्यात मांडीच्या प्लेटचा हप्ता पडला. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी भुलीचं इंजेक्शन घेतलं. वाण्याने चार दिवसांचं सलाइन. इस्त्रीवाल्याने गळ्यातला प्लास्टिकचा कोन, जो घातला की कुत्रा टाके चाटू शकत नाही आणि दिसेल त्या दाराच्या चौकटीला धडकतो. वॉचमनने वीस रुपये दिले, नाव लिहू नका म्हणाला. काकूंनी त्याला पानाच्या सर्वांत वर, 'वॉ.' म्हणून लिहिलं. आणि सोसायटीचे सेक्रेटरी, ज्यांनी इमारतीत कुत्री नकोत म्हणून आजवर नऊ पत्रं काढलीत, त्यांना काकूंनी गाठलं ते त्यांच्या कानाचं ऑपरेशन झालं त्याच आठवड्यात. "कानाचं दुखणं काय असतं ते तुम्हालाच माहीत," एवढंच म्हणाल्या. सेक्रेटरींनी ऐकू न आल्यासारखं केलं, पण तो त्यांचा चांगला कान होता. वनाजचा उजवा कान सेक्रेटरींच्या नावावर लागला.

याचे परिणाम काय होतील याची काकूंनाही कल्पना नसावी. किंवा असावी, आता माझा कशावरच विश्वास उरलेला नाही. झालं असं की माणसं आपापल्या मालमत्तेची चौकशी करू लागली. प्राध्यापक जिन्यात अडवून विचारत, "माझा पाय टेकतोय का?" नव्या बिऱ्हाडातल्या बाईंनी ते ऐकलं आणि प्राध्यापकांसाठी एक स्टूल बाहेर आणून ठेवलं. वहिनी सांगत, "माझी भूल फार छान लागली होती म्हणे." एका रविवारी वनाज जिन्यावरून घसरला तेव्हा तीन मजल्यांवरून माणसं धावली आणि प्रत्येकाने आपला भाग आधी तपासला. प्लेट ठीक, सलाइनवाल्याचा संबंध नाही, पण कोन तडकला होता. इस्त्रीवाला दोन दिवस नाराज होता.

या विद्येला काकूंचं तात्त्विक अधिष्ठानही आहे, आणि ते म्हणजे रतन टाटा. जून २०२४ मध्ये टाटांनी मुंबईत जाहीर विनंती केली होती: त्यांच्या प्राण्यांच्या रुग्णालयात सात महिन्यांचा एक कुत्रा आहे, गोचीडतापाचा संशय, रक्त फार कमी झालंय, रक्त देणारा कुत्रा हवा. काकूंनी तो मजकूर छापून काढला आणि फ्रिजवर लावला. "बघा. टाटांना मागायची लाज वाटली नाही. आपण कोण?" या युक्तिवादाला आजवर कुणाला उत्तर सापडलेलं नाही. त्या मजकुरातून काकूंनी दुसरी एक गोष्ट उचलली. रक्त देणारा कुत्रा धडधाकट, लस झालेला आणि साधारण पंचवीस किलोंच्या वरचा लागतो. पहिल्यांदाच रक्त चढवायचं असेल तर गट जुळला नाही तरी कुत्र्यांत बहुधा निभावून जातं. तेव्हापासून त्या दुसऱ्यांच्या लॅब्रेडॉरकडे फार प्रेमाने बघतात. दुसऱ्या मजल्यावरचा ब्रूनो एकतीस किलोंचा आहे. वहिनींनी त्याला पथ्यावर ठेवायचं ठरवलं तेव्हा विरोध करणाऱ्या काकू एकट्याच होत्या.

देणाऱ्यांच्या जाती त्यांना तोंडपाठ आहेत. एक जात पाचशे एकवाल्यांची. पाचशे देत नाहीत, पाचशे एक देतात. कुत्रा असो की सत्यनारायण, वरचा रुपया हवाच. काकूंना ही जात प्रिय आहे, कारण असा माणूस एकदा देऊन थांबत नाही. दुसरी जात तीनशे रुपये देऊन ऐंशी-जीची पावती मागणाऱ्यांची. काकू ही संस्था नाही, तेव्हा करात सवलत मिळणार नाही, हे काका त्यांना आयकर कायद्यासकट समजावून सांगतात, आणि शेवटी तो माणूस कंटाळून तीनशे सोडून देतो. तिसरी जात हात जोडणाऱ्यांची. बिलाचा फोटो आला की फोनवरून जोडलेले हात, रडका चेहरा आणि लाल बदाम, रक्कम शून्य. काकूंनी वहीत त्यांचं एक वेगळं पान केलंय, 'भाविक' म्हणून. चौथे सल्लागार: आमच्या गावाकडे यावर निरगुडीचा पाला लावतात. काकू म्हणतात, "आणून द्या." पाला आजवर आलेला नाही.

पण काकूंचा राग एकाच जातीवर, आणि ती म्हणजे 'सापडला'वाले. हे लोक रात्री साडेअकराला फोन करतात. "काकू, इथे एक कुत्रा पडलाय, फार वाईट वाटतंय, बघवत नाही." काकू पत्ता विचारतात, तुम्ही तिथेच थांबा म्हणतात. हा माणूस थांबत नाही, कारण त्याला बघवत नाही. आपलं दुःख दुसऱ्याच्या दारात सोडून तो घरी जातो, शांत झोपतो आणि सकाळी विचारतो, "वाचला का?" अशांसाठी काकूंनी पद्धत काढली आहे. फोनवर त्या आवाज मऊ करून म्हणतात, "हो का, अरेरे. तुमचं नाव काय? बरं. मी आले रिक्षाने, पण माझ्याकडे सुट्टे नाहीत. दोनशे पाठवून ठेवता?" एकदा दोनशे आले की नाव वहीत गेलं. आणि वहीतून नाव निघालेलं मी अजून पाहिलेलं नाही. त्यातले एक गृहस्थ बंगळुरूला बदलून गेले, तिथून दर महिन्याला जंताच्या औषधाचे देतात.

माणसं देतात याचं दुसरं कारण काका. जमाखर्चाचा कागद दर महिन्याच्या पाच तारखेला जिन्यातल्या फळ्यावर लागतो, खाली काकांची सही, त्याखाली त्यांनीच आखलेली दुहेरी रेघ. एकदा दोन रुपयांचा फरक आला तर रात्री एकपर्यंत त्यांच्या घरातला दिवा जळत होता. दोन रुपये सापडले: एका पाचशे एकवाल्याने पाचशे तीन पाठवले होते. एखाद्या कुत्र्याच्या नावावर सातशे रुपये उरले तर काकू प्रत्येकाला फोन करून विचारतात, "पुढच्याला वापरू का?" असं विचारल्यावर नाही कोण म्हणणार! हेही वहीच्या शास्त्रातलंच, पण पैसे मात्र पुढच्याच्याच नावावर दिसतात, हे मी स्वतः पाहिलंय.

सोसायटीच्या वार्षिक सभेत दरवर्षी 'इतर विषय' या मथळ्याखाली काकू असतात. त्या मार्च २०२३ च्या नियमांची प्रत घेऊन येतात: नसबंदी आणि लस झालेलं कुत्रं उचललं त्याच जागी परत सोडायचं, खाऊ घालायची जागा सोसायटीने ठरवून द्यायची. सेक्रेटरींकडेही तीच प्रत असते. त्यांनी त्याच नियमातलं जिन्यापासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर, एवढंच अधोरेखित केलेलं असतं. मग राज्यघटनेतलं प्राणिमात्रांवर दया करण्याचं मूलभूत कर्तव्य निघतं, कलम एक्कावन्न-अ मधलं. मग १९६० चा क्रूरतेविरुद्धचा कायदा. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये आहे हे ऐकून एका सभासदाने आधीच भरून ठेवता येईल का, असं विचारलं होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ११ तारखेला दिल्लीतली भटकी कुत्री सरसकट उचला म्हटलं आणि २२ तारखेला तो आदेश बदलून, नसबंदी-लस करून परत सोडा, फक्त रेबीज झालेली आणि आक्रमक सोडून, असं सांगितलं. त्या मधल्या दिवसांत काकूंचं दोन किलो वजन उतरलं आणि सेक्रेटरींचं तेवढंच वाढलं. खरं सांगायचं तर सेक्रेटरींचंही सगळंच चूक नाही. रात्री दूधवाल्याच्या मागे लागणारी चार कुत्री ही काही कल्पना नव्हे, आणि ज्याचं मूल चावलं गेलंय त्याला घटनेचं कलम वाचून दाखवायचं नसतं. हे काकूंना कळतं. सभेत त्या ते कबूल करत नाहीत, पण त्या चारही कुत्र्यांना सभेच्या दुसऱ्याच आठवड्यात पकडून नसबंदीला त्यांनीच नेलं. परत आली तेव्हा प्रत्येकाच्या कानाला खूण होती. सेक्रेटरींनी ती स्वतः जाऊन मोजली. त्या वर्षी वनाजबद्दल मात्र त्यांनी तोंड उघडलं नाही. स्वतःच्या कानाविरुद्ध ठराव मांडायचा तरी कसा?

सगळेच वाचत नाहीत. नळस्टॉप नावाचं पिल्लू डिस्टेंपरने गेलं. या रोगावर नेमकं औषध नाही. सलाइन द्यायचं, झटक्यांच्या गोळ्या द्यायच्या, नाक-डोळे पुसायचे. काकूंनी आठ रात्री पुसले. नवव्या सकाळी सगळ्यांना निरोप आला: "नळस्टॉप पहाटे गेला. बिल ११,२५०, जमा ७,१५०, बाकी ४,१००." एका भाविकाला ते फार लागलं. गेलेल्या जिवाचे पैसे असे लगेच मागतात का, त्यांनी कळवलं. काकूंनी उलट कळवलं, "दवाखान्यात तो जिवंत गेला होता."

वसुलीची विद्या इथे मात्र तोकडी पडते. जगलेल्या कुत्र्याचा पाय माणसं विकत घेतात, मेलेल्याचं सलाइन कुणी घेत नाही. चांगले चांगले पाचशे एकवाले त्या आठवड्यात फोन उचलत नाहीत. त्यांना पुन्हा तो फोटो बघायचा नसतो. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आपली फी आधीच सोडलेली असते, त्यांनी औषधाचंही सोडावं असं काकू म्हणू देत नाहीत. पाच तारखेच्या कागदावर नळस्टॉपच्या रकान्यात चार हजार शंभर जमा दिसले, समोर नाव 'एक हितचिंतक'. अक्षर काकांचं होतं. काकांच्या मुदत ठेवी मुदतीपर्यंत टिकत नाहीत, एवढं बँकेतले लोक सांगतात. काकांना विचारलं तर म्हणतात, "व्याजदर उतरलेत हो, ठेवण्यात अर्थ नाही."

वनाजला पाच महिन्यांनी घर मिळालं. कुत्र्याला घर देणं म्हणजे आपल्याकडे मुलीचं लग्न जमवणंच, फक्त मुलीच्या लग्नात एवढी चौकशी होत नाही. वाकडचं जोडपं बघायला आलं. दोघं नोकरीला, स्वभावाने बरी. काकूंनी पोहे केले आणि सुरुवात केली. घर स्वतःचं की भाड्याचं? घरमालकाची लेखी संमती आहे? गॅलरीला जाळी? सासू-सासऱ्यांना चालेल का, आणि नाही चाललं तर कोण घराबाहेर जाईल? पुढे बाळ झालं तर? परदेशात जायचा विचार? मुलगा म्हणाला, सध्या तरी नाही. "सध्या म्हणजे?" काकूंनी पोह्यांची बशी अर्धवट मागे घेतली. पत्रिकेच्या जागी लसीकरणाची वही होती, ती काकांनी तारखांसकट वाचून दाखवली. त्यानंतर काकू वाकडला जाऊन घर बघून आल्या, कपाटांच्या खालून हात फिरवून आल्या, आणि मगच होकार गेला.

न्यायला ते रविवारी आले तेव्हा खाली बरीच गर्दी होती. प्राध्यापकांनी मुलाला बाजूला घेऊन पाय समजावून सांगितला. थंडीत आखडेल, जिने सावकाश. इस्त्रीवाल्याने नवा कोन दिला, लागला तर असू दे म्हणून. वाण्याने बिस्किटं. सेक्रेटरी आपण सहज मीटर बघायला आल्यासारखे उभे होते. गाडीचं दार लागणार एवढ्यात पुढे झाले आणि काचेत वाकून म्हणाले, "उजव्या कानात पाणी जाऊ देऊ नका. अंघोळीला कापूस घाला. दर आठ दिवसांनी बघायचा." मुलगी हो हो म्हणाली. "नुसतं हो नको," सेक्रेटरी म्हणाले, "मला फोटो पाठवा. कानाचा."

वनाज मागच्या सीटवर बसला, काकांकडे बघून एकदा भुंकला. काका म्हणाले, सुटलो. आणि खुर्ची पुसायला वर गेले.

जोडप्याने काकूंना वाकून नमस्कार केला. मुलगा भारावला होता. काकू, तुमचे उपकार कसे फेडायचे वगैरे म्हणाला. हे शब्द या इमारतीत कुणी उच्चारत नाही. आम्ही सगळ्यांनी जिन्याकडे बघितलं. काकूंनी पिशवीतून वही काढली, कोरं पान उघडलं.

"तुमच्या नावावर एक एक्स-रे लिहिते. सहाशे."

"वनाजचा?" मुलाने खिशातून फोन काढत विचारलं.

"छे, त्याचं झालं सगळं. पुढच्याचा."

"कुठाय तो?"

"अजून सापडला नाही," काकू म्हणाल्या, आणि पेनाचं टोपण काढलं.